आजोबांना ग्रेट निकोबारात जमीन मिळत होती, हे खरं असेल का?

माणदेशी_नातू:

नमस्कार मंडळी. आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकतोय. आजोबा फौजेत होते, १९६९-७० च्या सुमाराला पेन्शनीत निघाले. त्यांना म्हणे सरकारनं विचारलं होतं की अंदमानच्याही खाली एक बेट आहे, तिथं कुटुंबासह राहायला जाता का, शेतजमीन देतो. आजोबा तयार होते. आजी नाही म्हणाली. तिचं म्हणणं एवढंच की, "इथं कुणी गेलं तर तिथं कळणार कधी, आणि कळून यायचं कसं?" विषय तिथंच संपला.

आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. आजी नव्वदीत आहे, कान शाबूत आहेत. गेल्या महिन्यात जुनी ट्रंक उघडली तेव्हा एका छापील फॉर्मवर 'ग्रेट निकोबार' असं लिहिलेलं दिसलं. बाकी सगळं वाळवीनं खाल्लंय. मग नकाशा काढून बसलो. हे बेट चेन्नईपेक्षा सुमात्राला जवळ! दक्षिण टोकाला 'गॅलेथिया' नावाची नदी. हे नाव ना आपलं वाटतं ना इंग्रजांचं.

अशी योजना खरंच होती का? आपल्याकडचं कुणी गेलं का? आणि मला खरा प्रश्न हा पडलाय की ती जमीन मुळात होती कुणाची? मराठीत शोधलं की सगळं सेल्युलर जेलपाशी येऊन थांबतं.

नारळाची_वाडी:

दादा, योजना खरी होती. तुमच्या आजीनं नाही म्हटलं, माझ्या आईला कुणी विचारलंच नाही. म्हणून मी तिथं वाढले.

१९६९ पासून पुढची दहाएक वर्षं माजी सैनिकांची तीनशेवर कुटुंबं ग्रेट निकोबारात वसवली. पंजाबी, तेलुगू, तमिळ, मल्याळी आणि आपली मराठी. माझे वडील खटाव तालुक्यातले, नाईक म्हणून निवृत्त झालेले. आम्ही १९७२ ला निघालो. इकडं दुष्काळ पडलेला, गावात खडी फोडायची कामं सुरू होती, आणि तिकडं म्हणे पाऊस थांबतच नाही. वडिलांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. मी सात वर्षांची, दादा दहाचा.

रेल्वेनं मद्रास, तिथून जहाजानं पोर्ट ब्लेअर, तिथं पुढच्या जहाजाची वाट बघत मुक्काम, मग पुन्हा जहाज. अंदमान संपून निकोबार सुरू होतं तिथं दहा अंशांची खाडी लागते, दीडशे किलोमीटर नुसतं उघडं पाणी. जात्याबरोबर आणलेली पितळी घागर आईनं त्या पट्ट्यात पोटाशी धरली होती. पाणी भरायला नव्हे, ओकायला.

उतरलो ते कॅम्पबेल बेला. तिथं गावांना नावं आहेत, गांधीनगर, शास्त्रीनगर, गोविंदनगर, पण बोलताना सगळे कॅम्पबेल बेपासूनचे किलोमीटरच बोलतात. "कुठले तुम्ही?" "पस्तीस किलोमीटरचे." आम्ही पस्तीसचे. एक्कावन्न किलोमीटरला देश संपतो, इंदिरा पॉइंट.

पावसाचं सांगते. माणात-खटावात वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तर लोक नशीब म्हणतात. तिथं तीन हजारांच्या वर. आईनं पहिल्या वर्षी कुरडया घातल्या. वाळल्याच नाहीत, त्यांना हिरवी लव आली. भात लावला, तो रानडुकरं, किडी आणि माकडं यांनी वाटून घेतला. ही माकडं म्हणजे आपली नव्हेत, लांब शेपटाची, किनाऱ्यावर खेकडेही पकडून खाणारी. कोवळा नारळ तर दगडावर आपटून असा फोडायची की आमच्या वडिलांना कोयत्यानं तेवढा सफाईनं जमत नसे. शेवटी सगळ्यांनीच भात सोडून नारळ-सुपारी धरली.

सणाला गंमत व्हायची. नारळ रग्गड, पण गूळ आणि हरभऱ्याची डाळ जहाजावर. जहाज चुकलं की होळीला पुरण नाही. एका वर्षी आमची पुरणपोळी रामनवमीला झाली.

आता तुमचा खरा प्रश्न. जमीन कुणाची.

आम्हाला सांगितलेलं, मोकळं जंगल आहे, तोडा आणि कसा. सरकारी कागदावर आदिवासी राखीव क्षेत्रातून तेवढा पट्टा वगळलेला होता, त्यामुळं कायद्यानं सगळं बरोबर. आमच्या वाटणीच्या तुकड्यात समुद्राच्या बाजूला सात जुने माड होते. वडील खूश, देवानं तयार झाडं दिली म्हणाले. दुसऱ्या वर्षी एक म्हातारा निकोबारी होडी लावून आला (तिथंही होडीला होडीच म्हणतात, बाजूला आडवं लाकूड बांधलेली असते, उलटत नाही). आला, एकेका माडाला हात लावून उभा राहिला, आणि काही न बोलता गेला. रात्री आई वडिलांना म्हणाली, "सात माड एका रांगेत आपोआप उगवतात व्हय?"

वडील पुढच्या फेरीला त्याला थांबवून बसले. दोघांचंही हिंदी यथातथा. त्याच्या वडिलांनी लावलेले माड होते. निकोबाऱ्यांत जमीन-माड एकट्याचे नसतात, सगळ्या कुळाचे असतात, त्याला कार निकोबारकडं 'तुहेत' म्हणतात. म्हणजे आम्ही एकाचं नाही, एका मोठ्या कुटुंबाचं घेऊन बसलो होतो. वडिलांनी जमीन परत केली असं मी सांगणार नाही, कारण केली नाही. त्या सात माडांचे नारळ मात्र आम्ही कधी पाडले नाहीत. तो येऊन न्यायचा, जाताना कधी मासळी, कधी केवड्याचं फळ टाकून जायचा.

केवडा म्हणजे काय तर त्याचाच भाऊबंद. आईनं पानं ओळखली आणि पावसाळाभर कणसाच्या वासाची वाट बघितली. वास नाही, फणसाएवढं फळ आलं. निकोबाऱ्यांचं ते मुख्य अन्न. मोठ्या भांड्यात तासन्‌तास उकडायचं, मग गर खरवडून, तंतू काढून त्याचा गोळा करायचा. चव रताळ्याच्या जवळपासची, जरा तुरट. आईला शेवटपर्यंत आवडलं नाही. दादा आजही मागून खातो.

आणि आतल्या जंगलात शोंपेन. ते वेगळे लोक, निकोबारीही नव्हेत. २०११ च्या जनगणनेत २२९ माणसं नोंदली. आमच्या लहानपणी कधीतरी तीन-चार जण रस्त्यापर्यंत यायचे, मध घेऊन. उभे राहायचे ते कायम झाडाच्या सावलीच्या रेषेवर, उन्हात पाऊल टाकायचे नाहीत. सर्दीपडसं झालेल्या कुणी त्यांच्याजवळ जायचं नाही अशी सक्त ताकीद असे. आपलं साधं पडसं त्यांना झेपत नाही.

बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

पोथीखालचा_कागद:

वाडीताईंच्या लिहिण्यावर काही बोलायची टाप नाही, फक्त 'गॅलेथिया'चं सांगतो.

ते एका डॅनिश लढाऊ जहाजाचं नाव. १८४५ साली कोपनहेगनहून स्टीन बिले नावाच्या कप्तानाच्या हाताखाली जगप्रवासाला निघालं आणि वाटेत निकोबारात थांबलं. कारण ही बेटं तेव्हा कागदोपत्री डेन्मार्कची होती! १७५६ च्या सुमाराला त्यांनी तिथं पहिली वसाहत टाकली तीच मुळी ग्रेट निकोबारवर. तापानं माणसं पटापट मेली, म्हणून १७६० मध्ये कामोर्ता बेटाकडं सरकले, तिथंही तेच. मग १७६८ ला मोरेव्हियन पंथाचे मिशनरी नानकौरीवर येऊन बसले, वीसेक वर्षं मरत मरत तग धरली आणि सोडून गेले. मधेच १७७८ ला ऑस्ट्रियाच्या वतीनं विल्यम बोल्ट्स नावाच्या गृहस्थाच्या मोहिमेतलं जहाज येऊन थडकलं. डेन्मार्कनं बेटं सोडलीच आहेत अशी समजूत करून घेऊन त्यांनी महाराणी मारिया तेरेसाच्या नावानं बेटांचं बारसं उरकलं. तेही चारपाच वर्षांत गुंडाळलं. अखेर १८६८ ला डेन्मार्कनं हक्क इंग्रजांना विकले.

आता आपल्या कामाची गोष्ट. हे डॅनिश निकोबारचा कारभार बघायचे तो तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीहून. ते गाव त्यांना आधीच्या नायक राजांनी दिलेलं आणि त्यासाठी दरसाल तंजावरच्या गादीला रक्कम भरावी लागे. १७५६ ला त्या गादीवर कोण? प्रतापसिंह भोसले. म्हणजे निकोबारवर झेंडा रोवणारे साहेब लोक त्याच वर्षी मराठी राजाकडं खंड भरत होते. ट्रंकेतल्या फॉर्मपर्यंत संबंध जोडायचा तर ओढूनताणून होईल, पण मला हे वाचून बरं वाटलं होतं, म्हणून सांगितलं.

नावाचं म्हणाल तर राजेंद्र चोळाच्या तंजावरच्या शिलालेखात 'मानक्कवारम्' येतं, १०२५ च्या आरमारी स्वारीत जिंकलेल्या मुलखांच्या यादीत. त्या बेटाचं वर्णन काय, तर फुलबागांत मध साठलेला. वाडीताईंनी शोंपेनांचा मध लिहिला तेव्हा एकदम हेच आठवलं.

विहार७७:

आम्ही फेब्रुवारीत अंदमान केलं. जेल, लाइट अँड साउंड, तात्यारावांची कोठडी, सगळं व्यवस्थित झालं. निकोबारचं पॅकेज मात्र कुणीच देत नाही. का बरं? कुणाकडं नंबर असेल तर टाका.

ओला_किनारा:

विहारजी, पॅकेज नाही कारण निकोबारातली बहुतेक बेटं आदिवासी राखीव क्षेत्र आहेत. १९५६ च्या नियमावलीनुसार परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही आणि सहलीसाठी परवाना मिळत नाही. ते तसंच राहू दे असं माझं मत.

मी कासवांच्या कामासाठी गॅलेथियाच्या किनाऱ्यावर दोन हंगाम काढलेत. अंदमानचं जंगल ब्रह्मदेशाच्या नात्यातलं, ग्रेट निकोबारचं सुमात्राच्या. शेजारी असून घराणी वेगळी. तिथं झाडावरच्या चिचुंद्रीसारखा एक प्राणी आहे, दिसायला खारीसारखा, फक्त ग्रेट आणि लिटल निकोबारात सापडतो. तो फांद्यांवरून किडे हुडकत निघाला की त्याच्या मागोमाग लांब शेपटीचा कोतवाल पक्षी फिरतो आणि उडालेले किडे टिपतो. मी एकदा चाळीस मिनिटं त्या जोडीच्या मागं चाललो, जळवा किती लागल्या ते शेवटी मोजे काढल्यावर कळलं.

पण तिथली खरी मालकीण म्हणजे चामडपाठी समुद्री कासवी. पाठीला कवच नाही, रबरी कातडं, लांबीला माणसाएवढी, वजन चारशे किलोच्या घरात. रात्री भरतीच्या वेळी येते. आधी दिसत नाही, ऐकू येते. सुस्कारा टाकते तो अगदी थकलेल्या म्हशीसारखा. मागच्या वल्ह्यांनी खड्डा काढताना ती वल्हं आतून ओंजळीसारखी वळवते, एकदा डावं, एकदा उजवं, वाळूचा एक कण परत आत पडू देत नाही. लिटल अंदमानात अशा काही माद्यांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली होती. कुणी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडं गेली, कुणी थेट आफ्रिकेच्या बाजूला. आणि आपण जहाज चुकलं म्हणून वैतागतो.

आता त्याच गॅलेथियाच्या उपसागरात मोठं मालवाहू बंदर व्हायचंय, सोबत विमानतळ, वीजकेंद्र, नवं शहर. १३० चौरस किलोमीटर जंगल त्यात जाणार. तिथलं अभयारण्य २०२१ ला रद्द केलं, २०२२ च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरीही मिळाली. वाडीताई, तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?

नारळाची_वाडी:

ओला किनारा, 'तुमचे लोक' म्हणजे कोण ते आधी ठरवायला लागेल. माझ्या दादाला रस्ता, दवाखाना आणि वेळेवर जहाज पाहिजे. पोरांना नोकऱ्या पाहिजेत. बंदर झालं तर त्याची जमीनही त्यात जाणार, पैसे किती ते नीट ठरत नाही, म्हणून तो एक दिवस बाजूनं बोलतो आणि एक दिवस विरुद्ध. त्याला दोष देऊन मी साताऱ्यात पंख्याखाली बसून लिहिणं बरोबर नाही.

त्या सात माडांचं राहिलं होतं.

माझं लग्न होऊन मी इकडं आले. २००४ च्या २६ डिसेंबरला रविवार होता. दादा सांगतो, भूकंप एवढा वेळ चालला की माणसं आधी उभी राहायची धडपड करत होती, मग बसली, मग पालथी पडून गवत धरून राहिली. थांबल्यावर त्यानं समुद्राकडं बघितलं तर समुद्र मागं गेलेला आणि उघड्या पडलेल्या खडकांवर मासे तडफडत होते. शेजारची दोन पोरं मासे गोळा करायला धावली, त्यांना दादानं मानगुटीला धरून मागच्या टेकडीवर ओढत नेलं. पस्तीस किलोमीटर नावाचं गाव त्या सकाळी संपलं. रस्ता तुटला, गॅलेथियावरचा पूल गेला. जंगलातनं चालत कॅम्पबेल बेला पोचायला त्यांना तीन दिवस लागले. मला त्याचा आवाज अकराव्या दिवशी ऐकू आला. तोवर मी तुमच्या आजीचंच वाक्य म्हणत होते दादा, "कळणार कधी."

बेटाचं ते टोक चार मीटरच्या वर खाली बसलंय. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पूर्वी कोरड्या जमिनीवर होता, नंतर त्याचा पाया पाण्यात गेला. आमची किनाऱ्याची पट्टीही पाण्यात. मी २००९ ला गेले तेव्हा सातातले पाच माड समुद्रात उभे होते, शेंड्याविना, नुसते खांब. भरतीला त्यांना लाटा लागत होत्या.

म्हातारबा त्याआधीच गेलेले. त्यांचा मुलगा वाचला, कुळातले बरेच नाही वाचले. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोबाऱ्यांना उचलून कॅम्पबेल बेजवळ राजीवनगर आणि न्यू चिंगेन इथं आणलं. तात्पुरतं म्हणून. मी त्याला भेटले तेव्हा तो पत्र्याच्या घरासमोर होडी कोरत बसला होता. समुद्र तिथून दिसत नाही. विचारलं, होडी कशाला? तर म्हणाला, परत जायला. त्यांच्या आदिवासी परिषदेनं २०२२ ला प्रकल्पाला आधी दिलेली संमती काढून घेतली, ती ह्याच जागांसाठी. वाट बघत होते ती गावं प्रकल्पाच्या आराखड्यात गेलेली दिसली तेव्हा.

तुम्ही विचारलंत ना, जमीन कुणाची. आमच्याकडं त्या जमिनीचा कागद आहे, शिक्का आहे, वडिलांची सही आहे. पाण्याखालच्या भागाचासुद्धा.

विहार७७, वसाहतीचा कॅम्पबेल बे राखीव क्षेत्राबाहेर आहे, भारतीयांना जाता येतं. पण जहाजाचं वेळापत्रक हवेवर, हॉटेलं म्हणावीत अशी नाहीत. सहा दिवसांची सुट्टी काढून जाल तर चार दिवस पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर काढाल. (त्याचं आता श्री विजयपुरम् झालंय, माझ्या तोंडात बसत नाही.)

आणि पक्ष्यांवर कुणी काही लिहिलंच नाही! आमच्या वाडीच्या कडेला मेगापोडचा ढीग होता. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, पाय मात्र दांडगे. नर-मादी मिळून वाळू, माती, पाला मागच्या मागं उडवत ढीग रचतात, कधी पुरुषभर उंचीचा, आणि त्यात अंडी पुरून टाकतात. त्यावर बसत नाहीत. पाला कुजतो, त्याच्या उबेनं अंडं उबतं. आईनं पहिल्यांदा त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "अगं, हा तर उकिरडा! शेणखत आतनं असंच गरम असतंय." तेव्हापासून आमच्या घरात त्याला उकिरड्याची कोंबडी हेच नाव. पिल्लू बाहेर येतं ते पिसांसकट, आईबाप बघतसुद्धा नाहीत, थोड्याच वेळात उडायला मोकळं. सुनामीत किनाऱ्यालगतचे बहुतेक ढीग वाहून गेले.

माणदेशी_नातू:

ताई, काय बोलू कळेना. काल रात्री सगळं आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. कुरडयांना लव आली तिथं हसली. सात माडांपाशी हातानं थांबवलं, तो भाग परत वाचायला लावला. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं झोपली.

तर म्हणाली, "त्या बाईला विचार, त्या कोंबडीचं अंडं केवढं असतंय?"

नारळाची_वाडी:

आजींना नमस्कार सांगा. आपल्या कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीहून मोठं, लांबट, फोडलं की निम्म्याहून जास्त बलकच. एका अंड्याच्या पोळीत आम्ही दोघं भावंडं जेवायचो. खाल्लीत आम्ही बरीच, सगळ्यांनीच खाल्ली. आता तो पक्षी कायद्यानं पहिल्या अनुसूचीत आहे, अंड्याला हात लावला तरी तुरुंग.

आजींना हेही सांगा की आई ढिगातनं एकच काढायची आणि हाताला आणखी लागली तरी वर पाला सारून यायची.